धूर मागू नका

शंभर फूट. म्हणजे पावणेतीन मिनिटं.
तीन वर्षं फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी
झोपलेलं ते रीळ
डिसेंबरच्या एका पहाटे मी मांजरीला नेलं,
स्कूटरच्या डिकीत, मफलरमध्ये गुंडाळून.

घोरपडीच्या शेडमधून वाफेचं इंजिन सुटणार होतं,
एकदाच, दौंडपर्यंत. सहा डबे, पाहुणे, झेंडूच्या माळा.

आदल्या संध्याकाळी भालशंकरमामांना भेटलो होतो.
वय अठ्ठ्याहत्तर, कोपरांवर भाजल्याचे जुने डाग,
नव्या पोरांना आग शिकवायला घरून बोलावून आणलेले.
मी म्हणालो, मामा, सिग्नलपाशी येताना
जरा काळा धूर सोडायला सांगा.
पडद्यावर छान दिसतो.

ते कपातल्या चहाकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा.
काळा धूर म्हणजे फायरमनची नाचक्की.
सव्वीस वर्षं फावडं मारलं.
पहिली चार नुसत्या शिव्या खाण्यात गेली,
तेव्हा कुठं चिमणीवर काही दिसेनासं झालं.
धूर मागू नका.
दुसरं काय हवं ते सांगा.

मला दुसरं काही सुचलं नाही.

सकाळी रुळांवर दव. मागे उसाची ट्रॉली.
तिपाई रोवली, चावी भरली.
माझ्या कॅमेऱ्याला बॅटरी नाही.
एका दमात अठ्ठावीस सेकंद चालतो, मग थांबतो,
समोर देव उभा राहिला तरी.
आजूबाजूला मोबाइल उंचावलेले.
एका मुलानं विचारलं,
काका, ह्यात लगेच बघता येतं?
नाही रे.
मग कसं आलंय ते कळतं कसं?
कळत नाही.

आधी रूळ बोलले. मग शिट्टी.
मग ते आलं, तोंडावर थेट ऊन घेऊन,
आणि चिमणीवर
काहीच नाही.
अरे, धूर कुठाय, गर्दीत कुणीतरी ओरडलं.
मी बोट सोडलं नाही.
फूटप्लेटवर एक पोरगा वाकलेला,
मामा त्याच्या मागे, एक हात दांडीला,
निकालाच्या दिवशी शाळेत आलेल्या बापासारखे.
सत्तावीस. अठ्ठावीस. खट्ट.
सहा डबे गेले ते नुसतेच गेले.

उरलेलं रीळ परतीसाठी राखलं होतं.
परतताना इंजिनाला डिझेल ओढत होतं.
ते मी काढलं नाही.

न्हाणीघराच्या फटी काळ्या कागदानं बुजवून
अंधारात रीळ धुतलं, बादलीत.
गच्चीवर दोरीला टांगलं, सतरा फूट इंजिन,
बाकी सगळं कोरं.
करंदीकरकाकू वर आल्या, बघून म्हणाल्या,
कुरडया असत्या तर समजलं असतं.
दोरी दुपारपर्यंत मोकळी करा.

प्रिंट काढायला पैसे नव्हते.
निगेटिव्हच घेऊन मामांकडे गेलो, क्वार्टरमध्ये,
कपाट सरकवून भिंत मोकळी केली, प्रोजेक्टर लावला.
आणि भिंतीवर
पांढरं इंजिन आलं,
वरचं आभाळ काळंकुट्ट, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मामा ताडकन उठले.
हे काय केलंत?
मी म्हणालो, मामा, हे उलटं असतं.
जे काळं दिसतंय ते ऊन.

बराच वेळ नुसता प्रोजेक्टरचा खडखडाट.
फिरवा परत, म्हणाले.
फिरवलं.
परत.
चौथ्या वेळी भिंतीजवळ गेले,
इंजिन त्यांच्या सदऱ्यावरून चालू लागलं.
चिमणीच्या वर, जिथं मागची विजेची तार
पाण्यात पडल्यासारखी थरथरत होती,
तिथं बोट टेकलं.

पोरानं आग चांगली ठेवली, म्हणाले,
आणि तार पुन्हा ताठ होईपर्यंत
बोट काढलं नाही.