रात्रीची नक्कल

त्रेइंता इ त्रेस. म्हणजे तेहतीस.
आकड्याचं नाव मिरवणारं हे उरुग्वेतलं गाव,
आणि आकड्यांनीच मला इथे सहा आठवडे नाचवलं.

नोटरी एल्बिया फाग्युंदेस यांची कचेरी बेकरीच्या माडीवर:
पाच संगणक, एक सर्व्हर,
आणि तीन पिढ्यांची खरेदीखतं कोंबलेलं पत्र्याचं कपाट.
बुधवारी आणि शनिवारी, रात्री दोनला,
सर्व्हर स्वतःची संपूर्ण नक्कल काढायला बसतो
आणि काढता काढता मरतो.
इतर रात्री नाही. इतर रात्री
दिवसभरात बदललं तेवढंच उचलतो,
पाऊण तासात हात धुऊन मोकळा.

सकाळी नोंदींत एकच ओळ:
यापूर्वीचे बंद होणे अनपेक्षित होते.
अरे बाबा, कुणाला अपेक्षित असतं?
तिच्या आधीची ओळ तीन वाजून अकराची.
मधे नुसतं कोरं.

मी मेमरीच्या पट्ट्या बदलल्या.
डिस्क एकेक करून तपासल्या, सगळ्या ठणठणीत.
पंख्यातून धुळीचा गोळा काढला, मांजराच्या पिल्लाएवढा.
मार्चमधलं अपडेट काढलं, घातलं, पुन्हा काढलं,
कारण बाई म्हणाल्या होत्या, मार्चपासून लागलंय हे.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त दर गुरुवारी
कॉफीतली साखर कमी होत गेली.

मग एका बुधवारी घरून थर्मास आणला,
भोपळ्याच्या पेल्यात येर्बा भरली,
जुलैच्या थंडीत ओव्हरकोट न काढता
सर्व्हरच्या उशाशी बसलो, आजाऱ्याजवळ बसावं तसा.

दोन. सगळ्या डिस्क एकदम घुमू लागल्या.
अडीच. एकोणीस टक्के.
तीन. मला डुलकी.
तीन दहा.

खालून आधी एक हुंकार आला, मग घरघर.
डोक्यावरचा दिवा पिवळा पडला, पापणी लवावी इतकाच,
बॅटरीच्या पेटीत खट्ट झालं,
आणि सर्व्हर गप्प.
दिवा परत आला. तो नाही आला.
पेटीवरचा हिरवा ठिपका मात्र हसत होता,
सगळं ठीक आहे म्हणून.

जिना उतरलो. बेकरीचं मागचं दार उघडं.
निल्दा कोपरापर्यंत पिठात,
शेजारी कणीक मळायचं अजस्र यंत्र, नवंकोरं.
"झोप येत नाही का, विल्मार?"
"हे कधी घेतलंस?"
"मार्चमध्ये. खांदा गेला ना माझा.
साडेपाचच्या बसवाल्यांना पाव लागतो,
तीन दहाला लावलं की बरोबर होतं."

तिला काय सांगणार होतो मी?
की तुझ्या खांद्यामुळे वर खरेदीखतं मरतात?
एरवीचा झटका तो सोसायचा,
नकलेच्या ओझ्याखालीच गुडघे टेकायचा.
सोसायला ज्या बॅटरीने हात द्यायचा
ती मी उघडली, तर फुगलेली,
पाण्यात पडलेल्या पावासारखी.
सहा आठवडे तिच्यावर येर्बाचा पेला ठेवत होतो मी.

नवी बॅटरी आली. सर्व्हरला वेगळी तार ओढली.
नक्कल रात्री दहाला नेली.
शनिवारी शंभर टक्के झाले, आणि बाई म्हणाल्या,
"झालं तर मग."
मी म्हटलं, थांबा. न उघडलेली नक्कल ही नक्कल नसते.

हाताला येईल ते एक खत परत आणलं:
कुणा अपारिसियोची अठरा हेक्टर,
हद्द, नदीच्या उतारापासून ओंबूच्या झाडापर्यंत.
बाईंनी चष्मा सरकवला. "ते झाड
माझ्या लग्नाच्या वर्षीच पडलं."
पडद्यावर ते उभं होतं. अक्षरन्अक्षर जुळत होतं.

बिलात एक रात्र लावली.
निल्दाने दिलेले चार पाव वजा केले नाहीत.