रकाना क्रमांक सात

तपासणीचा फॉर्म आलाय, सात रकान्यांचा.
प्रत्येकापुढे दोन चौकोन:
पुरेसे. अपुरे.
खूण करायची, शिक्का मारायचा,
गुरुवारच्या आत वर पाठवायचा.

मी इथला लिपिक. अकरा वर्षं.
माझ्या हाती सुरी कधी आली नाही, बॉलपेनच.
पण डेड हाउसचा वास बॉलपेनलाही लागतो.
बायको माझे शर्ट वेगळे भिजवते,
बोलत काही नाही.

टेबलं किती? दोन.
एकाचं भोक तुंबलंय, पाणी उलटं वर येतं,
म्हणजे एक.
दुसऱ्यावर आम्ही फायली ठेवतो.
हे लिहायला फॉर्मात जागा नाही.

शीतपेट्या बारा, चालू सात.
सातव्या पेटीचं दार सुतळीनं बांधलेलं असतं,
तरी मी ती चालू धरतो.
इथं थोडं उदार व्हावं लागतं.

डॉक्टर मंजूर चार, हजर दीड.
एक टिळेकर मॅडम,
आणि अर्धे हुद्दार सर, कॉलेजात शिकवून उरलेले.
बाहेर कट्ट्यावर लोक बसून.
हवालदार पंचनाम्याची पिशवी मांडीवर घेऊन पेंगतो.
"आमचा नंबर कितवा?" एक बाई विचारते,
रेशनच्या दुकानात विचारावं तसं.
मुळशीहून आलेला जीपवाला थांबण्याचे तासाला दोनशे लावतो
आणि दर तासाला येऊन सांगतो,
खाली बघून.

सहायकांची पदं पाच. माणूस एक,
शमुवेल रणपिसे,
आणि तो दिवाळीआधीच निवृत्त झाला.
तरी साडेआठला येतो.
एप्रन घरून धुऊन आणतो, इस्त्रीचा.
हजेरीपटावर नाव नाही,
म्हणून माझ्या वहीच्या मागच्या पानावर सही करतो,
वेळेसकट.
त्याला कुठल्या चौकोनात बसवू?

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात,
शनिवारी रात्री कॉम्प्रेसर बसला.
कंत्राटदाराचा फोन लागेना. साहेब गावाला.
नऊजण होते आत.
रणपिसे गणेश पेठेत गेला, मासळी बाजारात,
अर्धा टेम्पो बर्फ घेऊन आला, उधारीवर.
लाद्या गोणपाटात घालून आम्ही फोडल्या,
पहाटेपर्यंत.
त्या रात्री पहिल्यांदा
मी कुणाच्या तरी मानेखाली हात घातला.
रजिस्टरात तो चारशे बारा होता.
हाताला जड लागला,
आकडा कधी लागत नाही तसा.

सकाळी त्याचा मुलगा आला ओळख पटवायला.
नववीतला असेल. शाळेचाच शर्ट.
रणपिसेनं चादर खाली घेतली
आणि गालावर एक खवला,
नखाएवढा, उजेडात चकाकणारा.
मी पेनाच्या टोपणानं उचलला.
"काय होतं ते?" पोरगं म्हणालं.
"बर्फ," रणपिसे म्हणाला.
पोरानं मान हलवली, मग म्हणालं, "हो, हेच बाबा,"
आणि सही कुठं करायची ते विचारलं.

तो खवला मी बरेच दिवस
टाचण्यांच्या डबीत ठेवला होता.
का, ते विचारू नका.

तर आता रकाना क्रमांक सात:
मृतदेहाचा सन्मान राखण्याची व्यवस्था.
पुरेसे. अपुरे.

पेन थांबलं.
बाहेर रणपिसे नळाखाली बादली लावून बसलाय,
पाणी दहाला जातं.
मी खिडकीतून विचारलं,
"शमुवेलकाका, इथं काय लिहू?"

तो बराच वेळ बादलीकडे बघत राहिला.
"लिही की,
बर्फवाल्याचे साडेतेराशे द्यायचे राहिलेत."

लिहिलं.
दोन्ही चौकोनांच्या बाहेर, समासात.
आधी आकड्यात,
मग अक्षरी, नियमाप्रमाणे.