हातचा एक

आर्वाइखेरच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या खुर्चीची एक कळ दोन वर्षांपासून अडलेली आहे,
म्हणून पेशंटला जरा डावीकडे कलूनच
आ करावा लागतो.

नोमिंदारी कलली. आठ वर्षांची.
बाप दाराशी उभा, हातात हेल्मेट,
मिशीत अजून न विरघळलेलं बर्फ.
सत्तर किलोमीटर आलेत दोघं मोटरसायकलवर
एवढंच विचारायला
की पुढचा दात पडून वर्ष झालं,
त्या जागी काही उगवत का नाही.

मी मोठ्याने मोजते. मुलांना बरं वाटतं.
तीही मोजत होती,
तोंड उघडंच, म्हणून डोळ्यांनी.
तेवीस.
"एक कमी," बाप म्हणाला,
संध्याकाळी मेंढ्या मोजून झाल्यावर
म्हणत असेल तसं,
आणि त्याने चक्क खिडकीबाहेर पाहिलं.

फोटो उजेडावर धरला.
कमी काहीच नव्हतं.
नवा दात शहाण्यासारखा खाली यायला निघालेला,
आणि त्याच्या वाटेत
तांदळाच्या कणीहून थोडा मोठा, टोकदार,
एक आगंतुक.
तोही उलटा.
नाकाकडे तोंड करून
वरच्या वर उगवू पाहणारा.

"माझ्या बायकोनं पोटुशी असताना काही खाल्लं का?"
नाही हो.
"मी हिला घोड्यावरून पाडलं होतं एकदा."
त्यानेही नाही.
जबडा घडताना कधीकधी होतं असं,
कुणाच्याही नावावर मांडता येत नाही ते.
तो हेल्मेटचा पट्टा
लावत राहिला, काढत राहिला.

मी तिला म्हटलं,
शाळेत बेरीज शिकलीस ना?
हा तुझा हातचा एक.
काढून टाकू, म्हणजे खालचा वाट धरेल.
तिने मान हलवली, विचार केला,
आणि म्हणाली,
"हातचा मिळवायचा असतो.
टाकायचा नसतो."

बावीस वर्षांच्या नोकरीत
मला असं कुणी उघडं पाडलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी काढला.
ती झोपेत होती; मी आणि नर्स ओदग्रेल,
दोघी उगाचच हळू आवाजात बोलत होतो.
गॉझच्या तुकड्यावर तो इतका लहान दिसला
की ओदग्रेल म्हणाली, एवढ्यासाठी?

बापाने खिशातून डबी काढली.
मेंढीच्या शेपटीची चरबी.
पडलेला दात चरबीत लपेटून कुत्र्याला द्यायचा,
मग नवा त्याच्यासारखा बळकट येतो.
तेवढ्यासाठी घरून आणलेली, जपून.
नोमिंदारी सुजलेल्या ओठांनी म्हणाली,
"हा नको.
आसारनं हा खाल्ला
तर पुढचा पण उलटा येईल."
बाप हसला. पहिल्यांदाच.
त्याच्या स्वतःच्या दाढेत केवढी कीड,
ती मला तेव्हा दिसली.

मग नेहमीचं सांगितलं.
तोंडात आरूल धरून झोपायचं नाही.
रात्री ब्रश, दाढांच्या मागेसुद्धा.
"पेस्ट गोठते," ती म्हणाली.
"चूल पेटेपर्यंत दगड असते."
मग ट्यूब अंथरुणात घे.
"अंथरुणात कोकरू असतं."
त्यावर माझ्या पुस्तकांत काही लिहिलेलं नाही.
कोकराच्या पोटाशी ठेव, मी म्हटलं.
तिला ते पटलं.

जाताना तिने गॉझची पुरचुंडी
माझ्या टेबलावर ठेवली.
"तुमच्याकडे राहू दे.
हातचा."

जूनमध्ये बापाच्या फोनवरून फोटो आला,
थोडा हललेला:
वर ताणून धरलेला ओठ,
हिरडीतून डोकावणारी नव्या दाताची कड,
करवतीसारखी, तीन टोकांची,
आणि मागे कुत्र्याचं अर्धं तोंड.

पुरचुंडी ड्रॉवरमध्ये आहे,
खुर्चीच्या त्या कळीच्या स्क्रूशेजारी.
दोन्हींचा मेळ अजून लागलेला नाही.
बापाला दाढेसाठी बोलावलंय.
आला नाही.