तोलणाऱ्याचं मत

ऋतुराज म्हणाला, काका, तुम्हीच बघून सांगा,
साइट खरी का खोटी.
तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं कांदा तोलला मी,
म्हणून आला असेल.

कोपरखैरणेच्या खोलीत चष्मा पुसून बसलो.
रंग झकास. चक्र फिरतं, नाणी पडतात,
आवाज पितळी परातीचा.
‘ठाण्याचे विश्राम आत्ताच बासष्ट हजार जिंकले.’
दहा मिनिटांनी विश्राम परत तेवढेच जिंकले.
ठाण्यात कुठं? कळवा नाक्याला का वागळेला?
ते लिहिलेलं नाही.

गोणीच्या तोंडचा कांदा मी कधी धरला नाही,
तळातला काढून दाबायचो.
तसा तळाशी गेलो. मुंगीएवढी अक्षरं,
मालकाचा पत्ता कुठल्याशा बेटावरचा.
पैसे टाकायला एक बोट पुरे.
काढायला आधार, पॅन, तोंडाचा फोटो,
आणि मग ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे’.

करंगळीनं काटा दाबणारे लय बघितले,
पण त्यांची करंगळी तरी दिसायची.

किती दिवस झाले प्रक्रियेत, विचारलं.
तो पंख्याकडं बघत राहिला.
एकोणीस, म्हणाला. घणसोलीच्या खोलीचं डिपॉझिट.

मी काय बोलणार? चहा टाक म्हटलं.

खाली पाच तारे रिकामे होते, मत द्या म्हणत.
बंद करायला गेलो,
मापं उचलून घट्टा पडलेला माझा अंगठा
चौथ्यावर बसला.
धन्यवाद, शंभर रुपये बोनस जमा.

हातातली साखर तशीच धरून
ऋतुराजनं झटकन मान वळवली.