पाण्याला दोन वाटा

हेळवाकच्या शाळेत समुद्र नकाशापुरता.
तोही उंदरानं कुरतडलेला,
रत्नागिरीच्या जरा खाली, अरबी बाजूनं.

समीना मुजावर, सातवी ब:
"बाई, ऑक्टोपसला तीन काळजं असत्यात, खरं?"
खरं. दोन कल्ल्यांसाठी, एक उरलेल्या अंगासाठी.
पोहायला लागला की ते तिसरं थांबतं,
म्हणून तो पोहण्यापेक्षा रांगणं पत्करतो.
"आमच्या आण्णागत," मागून अंकुश, "चढ लागला की बसत्यात."
वर्ग हसतो. मीही हसते.
रक्त निळं असतं त्याचं, तांब्यामुळं.
तांबं म्हटल्यावर सगळ्यांना घरचा बंब आठवतो,
चिंचेनं घासलेला.

समुद्रघोड्याचं सांगते.
पिल्लं बापाच्या पिशवीत वाढतात, कळाही त्यालाच.
मुलं गप्प.
मुली एकमेकींना कोपरानं ढोसतात.

माझे वडील धरणावर पाण्याची पातळी लिहायचे.
लांब वही, लाल कापडाची पाठ.
तारीख, वेळ, पातळी, शेरा.
ते म्हणायचे, कोयनेचं पाणी म्हणजे वाटणी झालेलं घर.
थोरला डोंगराच्या पोटातून जातो,
यंत्रं फिरवतो, कोकणात उतरतो,
वाशिष्ठीचं बोट धरून दाभोळला अरबी समुद्रात.
धाकटा आमच्या पुलाखालून कराडला,
तिथं कृष्णेला समोरासमोर भिडतो,
आणि सांगलीवरून, कुठल्या कुठल्या मुलखातून
पार बंगालच्या उपसागरात.
एकाच ढगातले दोघं.
पुन्हा भेटलेच तर खारट होऊन.

बाजार उठल्यावर पुलाच्या कठड्याशी
वेफर्सचं पाकीट वाऱ्यानं फुगतं,
पाण्यावर चालू लागतं.
सगळीच पोचत नाहीत. जाळीला अडकतात, गाळात रुततात.
पण एखादं पोचतं,
तोवर रंग उडालेला, नुसता पापुद्रा,
आणि कासवाला तो जेलीफिश वाटतो.

कृष्णेच्या मुखाशी येतात कासविणी,
आणि इकडे घाट उतरून गेलं की वेळासलाही.
जिथं जन्मल्या त्याच किनाऱ्याला,
कितीएक वर्षांनी, कुणी पत्ता न सांगता.
वाळू गार तर नर, ऊन तर माद्या.
"आन् लईच तापली तर?"
तर सगळ्या माद्याच, समीना.
त्याहून तापली तर कुणीच नाही.
ती पेन्सिलचं टोक चावत राहते.

तास संपता संपता देवमाशाचं निघतं.
बाकीच्या समुद्रांतले कुबडे देवमासे
ऋतू बदलला की हजारो मैल हिंडतात,
अरबी समुद्रातला कळप कुठंच जात नाही.
शंभरेक उरलेत, असा अंदाज.
"मग त्यांना कोण उठवतंय?" अंकुश विचारतो.
जहाजं. जाळी. आवाज.
तो मान हलवतो, मोठ्या माणसासारखी.
त्याच्या आजोबांचं गाव शिवसागराच्या तळाशी आहे.
उठवणं म्हणजे काय, हे मला त्याला शिकवावं लागत नाही.

वडिलांच्या वहीची निम्मी पानं कोरीच होती.
आता ती वर्गाच्या कपाटात असते.
बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, प्रार्थनेआधी,
नऊ मुलं पुलावर जातात, सहा शिवसागराच्या काठाला.
पाकिटं, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, एकदा एक चप्पल.
पातळीच्या रकान्यात आकडा लिहितात.
पहिल्यांदा चारशे बारा.
परवा तीनशे नव्वद.
हेडमास्तर म्हणाले, "बाई, यानं समुद्राला काय फरक पडणार?"
मला उत्तर सुचलं नाही.
पोती ग्रामपंचायतीच्या गाडीत टाकून आम्ही हात धुतले.

संध्याकाळी वही तपासायला घेतली.
आकड्यापुढं, शेऱ्याच्या रकान्यात,
समीनाचं तिरकं अक्षर:
"आज एक कासव वाचलं असेल. नक्की सांगता येत नाही."
कुठल्या समुद्रातलं, ते लिहायचं राहिलंय.