हाई कोन बोली राहिनं?

बोरीच्या पुलाजवळ माझं दुकान:
आठ बाय दहा, एक कॉम्प्युटर, एक पंखा,
पंख्याने उडू नयेत म्हणून
नट-बोल्ट ठेवून दाबलेली पत्रकं.

सतरा वर्षांत मी या गावाला
'अस्सल' हा शब्द किती वेळा विकला, मोजलं नाही.
पापडाला अस्सल, मसाल्याला अस्सल,
एकदा तर गादीच्या कापसालाही.
'घरगुती' लाल अक्षरात, 'चविष्ट' पिवळ्या पट्टीवर,
कोपऱ्यात नऊवारीतली एक बाई हसते,
सगळ्यांसाठी तीच.
फक्त पदराचा रंग बदलतो.

झेलाबाई भदाणे आली ती पिशवीत
ज्वारीचे बिबडे घेऊन, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेले.
"मना आंडोर पुनाले शे. तो सांगस, लेबल जोयजे."
मी सवयीने दहा मिनिटांत लिहिलं:
'परंपरेची चव, मायेचा स्पर्श,
खानदेशच्या मातीतून थेट आपल्या ताटात.'
वाचून दाखवलं. थोडा आवाज लावून.

ती वळून दाराकडे बघू लागली.
"हाई कोन बोली राहिनं?"
तुम्हीच, म्हणालो. म्हणजे, तुमच्या वतीने.
"मी? मातीमाईन?
बिबडामा माती निंघनी ते लोके मारतीन भो माले."

मग कीबोर्ड पुढे ओढला, विचारलं,
दारात गिऱ्हाईक येतं तेव्हा काय सांगता?
ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो
मान खाली घालून, कारण
माझ्या आईची बोली मी नाशिकच्या होस्टेलात
पहिल्याच आठवड्यात धुऊन वाळत घातली होती
आणि उतरवायची राहून गेली.

    बिबडा चैतना उनमा वायाडेल शेतस.
    लसूण घरनी. मीठ जरासं जास्त, मना हात तसाच शे.
    तेल कडक तापू द्या, नही ते चामडं व्हस.
    दोन-तीन मोडेल निंघतीन,
    अमयनेरथून धुयालगून रस्ता तुम्हले माहीत शे.
    बठ्ठाच मोडेल निंघनात ते फोन करा.
    दुपारले नका करू. मी जपेल ऱ्हास.

शेवटच्या ओळीशी अडलो.
पुण्यातला माणूस 'जपेल' वाचेल
आणि समजेल, बाई काहीतरी जपते.
वारसा वगैरे.
खोडून 'मी झोपलेली असते' केलं, वाचलं.
"ती कोनी दुसरी बाई व्हई," ती म्हणाली.
"मी जपस."

पुन्हा जपेल.

मग तिने काचेवर बोट ठेवलं,
नऊवारीतल्या बाईच्या बरोबर नाकावर.
"आनि हाई कोन?"
काढली.
त्या कोपऱ्यात फोन नंबर
चांगला मोठा बसला.

पैसे अर्धे दिले, अर्ध्याचे बिबडे.
ती पूल ओलांडून गेल्यावर एक कच्चाच मोडला.
मीठ खरंच जास्त होतं.
दुसरा मोडला.
लहानपणी हे वाळायच्या आधीच, पातेल्यातला गरम घाटा
कच्चं तेल ओतून खायचो आम्ही,
आणि आई चाटू उगारून काय म्हणायची
ते अगदी ओठाशी आलं,
पण तेवढ्यात लाईट गेली.

संध्याकाळी लोणच्यावाला आला, पारोळ्याचा.
अस्सल टाका म्हणाला, ठळक.
टाकलं. वीजबिल मलाही येतं.
फक्त प्रिंट द्यायच्या आधी विचारलं,
घरी जेवताना हे मागता, तेव्हा काय म्हणता?
तो गप्प. मग दाराकडे एकदा बघून,
चप्पल चोरल्यासारखा,
एक शब्द बोलला.

लेबलवर नको, म्हणाला लगेच.
नाही टाकला.
फाईलला मात्र मी तेच नाव दिलं.