कळलावी

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, दुसरा मजला.
खाली पुठ्ठ्याची खोकी कापतात. त्याची धडधड
माझ्या टेबलापर्यंत चढते,
म्हणून मायक्रोस्कोपच्या पायांखाली
मी जुन्या रबरी चपलेचे तुकडे ठेवलेत.

फ्रिजच्या दारात तपकिरी बाटली. कोल्चिसिन.
सदतीस अंशांवर तीन दिवस वाढवलेलं कुणाचं तरी रक्त,
त्यात हे थेंबभर सोडायचं
आणि घड्याळाकडे बघत राहायचं.
एकाच्या दोन व्हायला निघालेल्या पेशी
उंबऱ्यातच थबकतात.
ओढून नेणारे धागेच विणले जात नाहीत.
मग मोजता येतं. सेहेचाळीस.

फरशी पुसायला जयवंती दुमाडा येते, येऊरवरून.
तिला एकदा सांगितलं,
हे औषध एका वेलीत असतं, फूल पिवळं, वर लाल,
पेटल्यासारखं.
– पानाच्या टोकाला शेपटी?
हो.
– कंद नांगरासारखा?
हो, बहुतेक.
– मग कळलावी म्हणा की सरळ.
अडलेल्या बाईच्या पायाला बांधायचे आमच्यात.
मोकळी झाली की लगेच सोडायचा,
विसरलात तर आतडीसुद्धा ओढून काढील.
बादली उचलता उचलता थांबली.
– आणि तुम्ही यानं अडवता?

थोडा वेळच, मी म्हणाले.
त्या पेशी पुढं कधीच सुटत नाहीत
हे काही बोलले नाही.

आज चव्वेचाळीसशे सोळा आणि सतरा. नवरा-बायको.
नावं आम्हाला देत नाहीत. कागदावर एवढंच :
तीन वेळा, दहाव्या आठवड्याच्या आत.
सोळा, बाई, एकतीस. सगळं जागच्या जागी.
सतरा, पुरुष, चौतीस.
चौथ्याचा शेंडा अकराव्याला, अकराव्याचा चौथ्याला.
हरवलेलं काहीच नाही. लग्नघरात चपला बदलतात
तेवढीच अदलाबदल.
त्याला कधी ठेच लागली नसेल.
बोलणी कुणी खाल्ली असतील, तेही तीन वेळा,
ते मोजायला रंग लागत नाही.

अहवालात असलं लिहिता येत नाही.
तिथं आकडे, तिरप्या रेघा, अर्धविराम.

फोन वाजला. खालून तन्वी :
चव्वेचाळीसशे सोळा-सतराच्या मॅडम आल्यात. एकट्याच.
बसू दे त्यांना, म्हणाले. पंखा लाव.
मी येते खाली.

तेवढ्यात पुन्हा एकदा डोळा लावला, सोळावर.
सेहेचाळीस.